नेहमी ठाऊक असणारी व्यक्ती

लाँड्रीत पडद्यामागे बसणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टाचणीताई म्हणायची. तोंडात कायम चार टाचण्या आणि त्यांच्या फटीतूनच बोलणं चाललेलं, म्हणून हे नाव. पण नुसतं तेवढंच नव्हतं. बाई टोचायचीही. कोणी पँट सैल करायला आणली की म्हणायची, “कापड आटलं म्हणताय ना साहेब? सगळ्यांचं कापड नेमकं पोटापाशीच आटतं.” आणि साहेब पोट आत घेत, हसत हसत बाहेर पडायचे.

दुकान चिंचोळं होतं. पुढे काउंटर, त्यावर टोकनांचा डबा आणि जुना फोन. मध्ये इस्त्रीवाल्याचं टेबल. मागे पडदा, आणि पडद्याआड ताईचं शिलाई मशीन, एक आरसा, एक स्टूल. भिंतीला लांब दांडी होती, तिच्यावर धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले. दांडीच्या पार शेवटी कोणी न नेलेले कपडे असत. मालक वर्षातून एकदा ते काढून वाटून टाकत. त्यांतला एक गडद निळा कोट मात्र वर्षानुवर्षं हलला नव्हता, कारण मालकांनी आवराआवर काढली की त्याच्यावर नवंकोरं टोकन लागलेलं असायचं. आधी ते टोकन ताई लावायची. पुढे पुढे तिच्याआधी इस्त्रीवालाच लावून मोकळा व्हायला लागला. त्या दोघांत यावर कधी अवाक्षर झालं नाही.

कोट ताईच्या लेकीचा होता. लेक कॉलेजात जाणार हे ठरलं तेव्हा ताईने तो स्वतः शिवला होता. त्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. नवरा ट्रकवर होता, तो लेक लहान असतानाच गेला. ताई स्वतः शाळेतून मध्येच उठून मशीनवर बसलेली. त्यामुळे हा कोट शिवताना तिने शिवणीत, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, बोटभर माया ठेवली, बाह्यांच्या आत आणखी दोन दुमड्या मारल्या. पोरगी अंगाने भरली, उंच झाली, तरी शेवटच्या परीक्षेपर्यंत तोच कोट पुरला पाहिजे, असा हिशोब. पहिल्या दिवशी लेक तो घालून निघाली तेव्हा कोट खांद्यांवरून उतरत होता. इस्त्रीवाला म्हणाला, “ताई, यात तुम्हीपण मावाल.” ताई म्हणाली, “मावते की. मीच तर चाललेय.”

ती हे गमतीत म्हणाली होती. लेकीला मात्र त्यात फार गंमत वाटली नसावी.

दुसऱ्या वर्षी लेक एका दुपारी बॅग घेऊन थेट दुकानात आली. पडद्यामागे स्टुलावर बसून तिने सांगून टाकलं. “आई, मी कॉलेज सोडलं. मला ते जमत नाहीये. आणि खरं सांगू, आवडतही नाहीये.”

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. ती काही म्हणणार, तेवढ्यात पुढून हेडबाईंचा आवाज आला. हेडबाई म्हणजे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ताईचं जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी त्यांचं तेच जाकीट थोडं थोडं सैल करून न्यायच्या आणि दर वेळी लेकीची चौकशी करायच्या. ताई पडदा सारून बाहेर आली.

“काय म्हणतेय लेक?” हेडबाईंनी विचारलं.

“वर्गात पहिली आलीय,” ताई म्हणाली. “सुट्टीला आलीय चार दिवस.”

झाकली मूठ सव्वालाखाची, हे ताईला लहानपणापासून पाठ. मुठीत काय आहे ते पडद्यामागे बसून ऐकतंय, एवढंच ती त्या क्षणी विसरली. हेडबाई गेल्यावर लेक बाहेर आली. तिने अंगातला कोट काढून काउंटरवर ठेवला आणि इस्त्रीवाल्याला म्हणाली, “काका, हा धुवायला टाका.” मग आईकडे वळली. “तुला मुलगी नकोय, आई. गिऱ्हाइकांना सांगायला काहीतरी हवंय.”

ती भांडली असती, रडली असती, तर ताईने दोन शब्द सुनावून जवळ घेतलं असतं. पण पोरगी शांतपणे बोलली आणि त्याच शांतपणे गेली. तिचे फोन आधी आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग नुसतं ‘बरी आहे’ एवढं कळवण्यापुरते. मग एक दिवस ताईने लावलेला फोन लागेना. नंबर अस्तित्वात नाही, असं एक परकी बाई गोड आवाजात सांगत राहिली. ताईने तो नंबर कितीतरी दिवस लावून पाहिला.

आणि तरीही सुंभ जळला, पीळ जाईना. कोणी विचारलं की लेक तिसऱ्या वर्षात होती, मग पास झाली, मग मोठ्या कंपनीत लागली. थाप एकदा मारली की तिला पोसावी लागते. हेडबाईंना तर लेकीच्या ऑफिसची खिडकी कोणत्या बाजूला उघडते तेही ताईने सांगून ठेवलं होतं. हे सगळं बोलताना तिचा चेहरा इतका खुलायचा, की ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता तिलाही वाटायचं. फक्त इस्त्रीवाला तेवढ्यापुरती इस्त्री जरा जोरात दाबायचा.

लेक गेल्याला वर्ष होत आलं असेल, तेव्हा दुकानाच्या फोनवर पहिल्यांदा एक सरकारी बाई बोलली.

“नमस्कार. मी सरकारी पाहणीतून बोलतेय. पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांचं पुढे काय होतं, ते आम्ही काही वर्षं बघत असतो. तुमच्या मुलीने संपर्कासाठी तुमचं नाव आणि हा नंबर दिलाय. ती सध्या कुठे असते, सांगू शकाल का?”

दुकानाचा नंबर लेकीला पाळण्यापासून पाठ होता, प्रत्येक पिशवीवर छापलेला. आता ठाऊक नाही म्हणावं, तर ही बाई नाव खोडून टाकणार. सांगावं, तर सांगायला काय होतं?

“आहे की. मजेत आहे,” ताई म्हणाली. “कामात असते फार. मी निरोप देते.”

“तिला म्हणावं, आमच्या पत्राला उत्तर दे.”

“हो, हो. आजच सांगते.”

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ काउंटरपाशीच उभी राहिली. या जगात आपल्याखेरीज आणखी कोणी तिला शोधतंय, आणि तेही सरकार, याचं तिला विचित्र बरं वाटलं. पुढे त्या पाहणीच्या दर फेरीच्या सुरुवातीला फोन येत राहिला. वर्ष-दीड वर्षाने एकदा. तीच बाई, तोच प्रश्न, ताईचं तेच उत्तर. ताई समजून चुकली होती की हे नाव लेकीने पहिल्या वर्षी, सगळं गोड असताना दिलेलं. घर सोडून गेलेल्या माणसाची पाटी दारावर तशीच राहते, तसं ते कुठल्यातरी कागदावर राहून गेलंय. राहू दे. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणजे झालं.

मधल्या काळात चौकातल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानाने तिला बोलावलं. पगार चांगला, बसायला खिडकीपाशी जागा. तिने नाही म्हटलं.

“डोकं फिरलंय का, ताई?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“तिथे उजेड फार आहे. डोळे दुखतात माझे.”

इस्त्रीवाल्याने काउंटरवरच्या फोनकडे एकदा पाहिलं आणि पुढचा सदरा उलटला.

या इस्त्रीवाल्याला एक खोड होती. यंत्रात वाफ धरेपर्यंत तो वर्तमानपत्र वाचायचा, आणि वाचायचा म्हणजे हरवल्या-सापडल्यापासून सरकारी सूचनांपर्यंत सगळं, तेही मोठ्याने. एका सकाळी तो वाचता वाचता थांबला.

“ताई, बाहेर या जरा. तुमच्या त्या पाहणीचं आलंय.”

सूचना सरकारी भाषेत होती, म्हणजे सरळ गोष्ट वळणं घेत घेत सांगितलेली. पाहणी पुढे चालू ठेवायची आहे. प्रश्नांत काही बदल करायचे आहेत. विद्यार्थ्याच्या नातेवाइकाचं नाव विचारायचा प्रश्न वगळायचा आहे, कारण त्यामुळे नातेवाइकांना विनाकारण त्रास होतो. तरी नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी द्याव्यात, अथवा सुनावणीस हजर राहावं.

ताईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या.

“त्रास? मला कोणी विचारलं, त्रास होतो का म्हणून?”

“तेच तर विचारतायत,” इस्त्रीवाला म्हणाला. “पेपरात छापून विचारतायत. तुमची हरकत आहे की सूचना, ते ठरवा.”

“माझी कसली हरकत? फोन येतो त्याला माझी काहीच हरकत नाही, असं सांगायचंय मला.”

“त्याला रकाना नाही, ताई. ज्याची हरकत नाही, तो माणूस सरकारला दिसतच नाही.”

ताईला हसू आलं नाही. प्रश्न वगळला म्हणजे फोन बंद. फोन बंद म्हणजे लेकीचं नाव या दुकानात घेणारं कोणी उरणार नव्हतं, तिच्या थापा सोडून. इतकी वर्षं ती एका धाग्याला धरून होती, आणि तो धागा दुसऱ्या टोकाला कशाला बांधलाय हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. तरी तो कोणी कापू नये, एवढंच तिला हवं होतं.

सुनावणी सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. खुर्च्या पुष्कळ, माणसं मोजकी. समोर टेबलामागे एक अधिकारी, त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी टिपणं घेणारी मुलगी. आणि तिसऱ्या खुर्चीत शिक्षण समितीतर्फे आलेल्या हेडबाई, अंगात तेच जाकीट.

आल्या पावली परत जावं असं वाटलं. हेडबाईंनी ओळखीचं हसून मान हलवली, झालं, आता जाताही येईना. तिच्या आधी एक गृहस्थ उठले आणि जनतेच्या पैशाची उधळपट्टी होते यावर बोलले. मग एक विद्यार्थी म्हणाला, प्रश्न फार लांबलचक असतात, अर्ध्यात भूक लागते. मग अधिकाऱ्यांनी ताईकडे पाहिलं.

ताई उठली. तोंडात टाचण्या नसल्यामुळे तिला जीभ कुठे ठेवावी ते समजेना.

“माझी हरकत आहे,” ती म्हणाली. “नातेवाइकाचा तो प्रश्न काढू नका.”

“बाई, तो तर आम्ही तुमच्याच सोयीसाठी काढतोय,” अधिकारी समजुतीने म्हणाले. माणूस भला होता. “दर फेरीला तुम्हाला फोन, तेच तेच विचारायचं. शिवाय अर्ध्याअधिक नातेवाइकांना मुलांचा ठावठिकाणा माहीतही नसतो. आता पत्राने, संदेशाने मुलं थेट सापडतात. नातेवाइकांचा उपयोग होत नाही.”

“नसेल होत. पण नाव पहिल्या वर्षापासून पडलेलंच आहे तुमच्याकडे, तर पडून राहू द्या. तुमचं काय जातं?”

“पडून राहत नाही ना.” अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला. “जुनं नाव आम्ही पुढे चालवत नाही. दर फेरीला मुलाखतीच्या शेवटी तो प्रश्न नव्याने विचारतो. गेल्या वेळी कोणाचं नाव दिलं होतं, तेही सांगत नाही. नुसतं एवढंच वाचायचं असतं.” त्यांनी समोरचा कागद उचलून वाचून दाखवलं. “‘तुम्ही कुठे आहात हे ज्यांना नेहमी ठाऊक असेल, अशा एका व्यक्तीचं नाव सांगा.’ बरीच मुलं कोणी नाही म्हणतात. मग पुढच्या फेरीला आम्ही कोणालाच फोन करत नाही.”

“आणि फोन आला तर?”

“आला तर मागच्या वेळी नाव दिलं होतं म्हणून आला.”

ताईने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. पहिला फोन आला, तो जुन्या नावावर. पण त्यानंतरचे? ते तर कोट काउंटरवर ठेवून गेल्यानंतरचे. म्हणजे पोरगी कुठेतरी फोन कानाला लावून बसली होती, कोणीतरी परक्या बाईने तिला हे वाक्य वाचून दाखवलं होतं, आणि तिने, जिला आईचा फोन नको होता तिने, आईचं नाव सांगितलं होतं. एकदा नाही, दर वेळी. आणि आपण इकडे ते नाव कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून खोटं बोलत बसलो. ताईला एकदम इतकं भरून आलं, की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

“बाई, बसता का जरा?” टिपणं घेणारी मुलगी म्हणाली.

“नाही. तू लिहून घे.” ताईने हेडबाईंकडे पाहिलं. त्यांच्याकडे बघितल्याशिवाय हे बोलण्यात अर्थ नव्हता. “माझ्या मुलीने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. ती पास झाली नाही, कुठल्या कंपनीतही नाही. असेलही, मला ठाऊक नाही. ते खिडकीचं वगैरे मी रचून सांगितलं. ती कुठे राहते, काय खाते, जाड झाली की वाळली, मला काहीएक माहीत नाही. तुमच्या त्या फोनवरच्या बाईंनाही मी खोटंच सांगत आले, निरोप देते म्हणून. तेव्हा लेकीने माझं नाव दिलं ते उत्तर चुकीचं आहे, हे मला मान्य. पण तो प्रश्न तुम्ही काढलात, तर तिला माझं नाव घ्यायला दुसरी जागा नाही.”

उधळपट्टीवाले गृहस्थ आपल्या बुटांकडे बघत होते. मुलगी लिहीत होती. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ही हरकत म्हणून नोंदवू की सूचना?” मुलीने हळूच विचारलं.

“दोन्हीकडे लिहा,” हेडबाई म्हणाल्या.

काही दिवसांनी हेडबाई दुकानात आल्या. जाकीट काउंटरवर ठेवलं. ताईने वाट पाहिली, आता काही बोलतील, समजावतील, निदान कीव तरी करतील. त्यांनी आपली कंबर दाखवली.

“कापड आटलंय हो यंदा.”

“सगळ्यांचं तिथेच आटतं,” ताई म्हणाली.

“आता लेकीचं काही कळलं तर सांगा,” हेडबाई म्हणाल्या. “नाही कळलं तरी सांगा.”

पुढची फेरी सुरू झाली तेव्हा दुकानात गर्दी होती. फोन वाजला. इस्त्रीवाल्याने उचलला, ऐकलं, आणि ताईकडे धरला.

“नमस्कार. मी पाहणीतून बोलतेय.” तीच बाई. तिचाही आवाज आता थोडा थकल्यासारखा. “तुमची मुलगी सध्या कुठे असते, सांगू शकाल का?”

काउंटरपाशी गिऱ्हाइकं उभी होती, त्यांतली निम्मी लेकीच्या मोठ्या नोकरीबद्दल ऐकून असलेली.

“नाही,” ताई म्हणाली. “मला ठाऊक नाही. आधीही नव्हतं.”

“बरं. तसं लिहिते. आम्ही शोधू तिला, काळजी करू नका. तिच्याबद्दल मला मात्र तुम्हाला काही सांगता येणार नाही, नियम आहे.”

“मी कुठे विचारतेय? मला एवढंच सांगा, तो शेवटचा प्रश्न आहे ना अजून? नेहमी ठाऊक असणाऱ्या माणसाचा?”

“या फेरीपुरता आहे. पुढचं वरचे लोक ठरवतील.”

“मग ती सापडली की तिला तो विचाराल ना?”

“विचारावाच लागतो. जसाच्या तसा वाचावा लागतो, ताई. आमच्या मनाने एक शब्दही बदलता येत नाही.”

“बदलू नका. आहे तसाच वाचा.” ताईने फोनची वायर बोटाला घट्ट गुंडाळली. “फक्त जरा सावकाश वाचा. आणि ती लगेच काही बोलली नाही, तर पुढे जाऊ नका. थोडं थांबा.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

“थांबेन,” ती बाई म्हणाली.

ताईने फोन ठेवला. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत होती. इस्त्रीवाला दांडीच्या टोकाला जाऊन निळा कोट काढून घेऊन आला. पिशवीवर धूळ होती, ती त्याने बाहीने पुसली आणि कोट तिच्या पुढ्यात ठेवला.

“ताई, वाफ द्यायला घेतोय,” तो म्हणाला. “घड्या पडल्यात.”

“द्या,” ताई म्हणाली. “शिवण मात्र दाबू नका. तिचं माप कळल्यावर बघू.”